आधी मी, मग तू

आमच्या घरी गोष्टी मी सांगतो. म्हणजे मी सांगायला बसतो आणि मंडळी एकेक करून पाणी प्यायला उठतात, ती परत येत नाहीत. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्याच त्या गोष्टी दर लग्नाकार्याला उगाळणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? पण एका गोष्टीला अजून गिऱ्हाईक आहे. "नाना, एरंडेलाची सांगा ना," म्हणून पुतण्यांची पोरं स्वतःहून मागतात. मी थोडे आढेवेढे घेतो, मग सांगतो, सगळे हसतात, आणि मी तिथं थांबतो.

परवा बायको म्हणाली, "तुमचं दरवेळी एरंडेलापाशीच कसं हो थांबतं? पुढं त्या माणसाचं काय झालं?"

"पुढं काही विशेष नाही," मी म्हणालो आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

तर पुढचं लिहूनच काढतो. तोंडानं सांगायला गेलो तर मी मध्येच विनोद करीन आणि निसटून जाईन. माझी मला खात्री नाही.

उंब्रजपासून तीन-चार मैलांवर, ओढ्याच्या काठी आमचा धर्मार्थ दवाखाना होता. लांबट कौलारू इमारत, दहा खाटा, आणि मागं पेशंटच्या माणसांना राहायला पत्र्याची शेड. तिथं तीन-तीन दगड मांडून बायका भाकऱ्या थापायच्या, त्यामुळं आमच्या दवाखान्याला औषधापेक्षा भाकरीचाच वास जास्त यायचा. डॉक्टर एकच. मुंबईतली चाललेली प्रॅक्टिस सोडून ते या मुलखात आले होते, आणि आठवड्यातून दोन दिवस सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायचे. मी सांगलीचा, मॅट्रिक पास, चोवीस वर्षांचा, केसपेपर लिहिणारा कारकून. लढाई चालू होती. माझ्या वयाची पोरं ब्रह्मदेशात आणि आफ्रिकेत होती. भरतीच्या मापात माझी छाती दोन बोटं कमी पडली, म्हणून मी इथं बसून लोकांचे जुलाब लिहून घेत होतो.

आणि कंपाउंडर होते. त्यांना सगळा मुलूख 'कंपौंडर' म्हणायचा, मी 'मामा' म्हणायचो, आणि ते मला 'मॅट्रिक' म्हणायचे. मामा वडूजकडचे. पहिल्या लढाईत बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात ऑर्डर्ली होते. तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: अंगावरची खाकी अर्धी चड्डी, सलाम ठोकायची सवय आणि अल्युमिनियमचा एक चमचा. सलाम ते पेशंटलाच करायचे. एखादी म्हातारी खोकत खोकत खिडकीशी आली की टाचा जुळवून सलाम. म्हातारी बिचारी खोकायची विसरायची.

चमच्याचं काम मोठं होतं. त्या काळी लोक औषधाला बाटली घरून आणायचे, आणि औषधाला भ्यायचे. रंगीत पाणी पाजून मारतात, हाडं कुठं कुठं पाठवतात, असं बरंच काही बोललं जायचं. मामांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. मिक्स्चर बाटलीत ओतून झालं की त्याच बाटलीतून चमचाभर काढायचं आणि पेशंटच्या देखत आधी स्वतः प्यायचं.

"आधी मी, मग तू," ते म्हणायचे. "हे बग. मेलो का मी? न्हाई मेलो. मग तू बी मरत न्हाईस. आ कर."

मग पेशंटच्या तोंडात दुसरा चमचा. तेवढ्यावर भागायचं नाही. माणसं औषध गालात धरून बाहेर जाऊन थुंकायची, हे मामांना पक्कं ठाऊक. म्हणून ते समोरच्याच्या गळ्याकडं बघत उभे राहायचे. घाटी वरखाली झाली की मगच सुटका. नाही झाली की एकच शब्द, "गिळ."

बाहेरून लावायच्या औषधांनाही तोच कायदा. आयोडिन आधी त्यांच्या डाव्या हाताला लागायचं, मग दुसऱ्याच्या जखमेला. त्या हातावर पिवळे-जांभळे पट्टे कायमचे. होळी होऊन गेली तरी मामांची रंगपंचमी चालूच, असं मी म्हणायचो. हा माझा त्या काळातला सर्वोत्तम विनोद.

आणि एरंडेल. एका वाडीतल्या अकरा जणांना डॉक्टरांनी जंतांवर एरंडेल लिहून दिलं. अकरा जण रांगेत. मामांनी अकरा वेळा "आधी मी" केलं. दुपारपर्यंत मामांच्या शेताकडं फेऱ्या सुरू झाल्या, हातात तांब्या, चाल लष्करी. रांगेतली माणसं ओट्यावर बसून फेऱ्या मोजत होती. सहावी झाली तेव्हा एक म्हातारा मान डोलवून म्हणाला, "औशीद लागू हाय गड्या." दुसऱ्या दिवशी सगळी वाडी न बोलावता आली.

इथं घरात हशा होतो आणि मी थांबतो.

या चमच्यामुळं पुढं काय काय झालं ते मी घरात सांगत नाही. मामा गावकुसाबाहेरच्या लोकांच्या बाटलीतूनही तसंच प्यायचे. ती माणसं खिडकीशी यायची नाहीत. दवाखान्यापुढच्या लिंबाखाली उभी राहून हाळी द्यायची आणि बोलावण्याची वाट बघायची. मामा मान वळवून ओरडायचे, "ये की हिकडं! मी काय चावतोय व्हय रं?" त्यांच्या भावकीला हे कळलं तेव्हा पुतण्याच्या लग्नात त्यांचं पान पंगतीबाहेर मांडलं. परत आल्यावर मी विचारलं, "वाईट वाटलं का हो मामा?"

"कशापायी? वाढपी पयला माझ्याकडं येत हुता," मामा म्हणाले. पण त्यानंतर ते कुणाच्या लग्नाला गेले नाहीत.

दुसरी गोष्ट क्विनीनची. पाऊस सरला की आमच्याकडं थंडीतापाची जत्रा भरायची. बाटल्याच बाटल्या, आणि सगळ्यात तेच कडूजहर मिक्स्चर. वीस वर्षं, दर हंगामात, दिवसाला तीस-चाळीस चमचे मामांच्या पोटात जात होते. डॉक्टर ओरडायचे, "मामा, क्विनीन मिळत नाहीये. तुम्ही रोज एका पेशंटचं औषध पिता!"

"अन् भ्यानं वतून टाकत्यात त्यो हिशेब कुनी करायचा, सायेब?"

क्विनीननं कानात आवाज होतात, हे डॉक्टरांनी मला पुस्तकात दाखवलं होतं. मामांच्या कानात ते केव्हाच सुरू झाले होते. "दिसा बी रातकिडं वरडत्यात," मामा मला एकदा म्हणाले. मग रातकिडे वाढत गेले आणि बाकीचं जग कमी होत गेलं. मी रुजू झालो त्या वर्षी मामांना मोठ्यानं बोललेलं कळायचं. दोन वर्षांनी तेही कळेना.

हे फक्त मला माहीत होतं. दवाखान्यात समजलं असतं तर मामांना घरी बसवलं असतं, आणि घर म्हणजे ती भावकी. म्हणून आम्ही एक बंदोबस्त केला. औषधाचं लांब टेबल भिंतीला लागून होतं, त्यामुळं मामा खिडकीकडं पाठ करून काम करायचे. माझी खुर्ची खिडकी आणि टेबल यांच्या मधोमध ठेवली. बाहेरून कुणी हाळी दिली की मी टेबलाच्या पायाला लाथ मारायची. बाटल्या किणकिणायच्या. ते मामांना ऐकू यायचं नाही, पण टेबलावर टेकलेल्या हातांना कळायचं, आणि ते वळायचे. मग पेशंट काय म्हणतो ते मी खाणाखुणांनी सांगायचं. ताप म्हणजे कपाळाला उलटा हात, खोकला म्हणजे छातीवर मूठ. जुलाबाची खूण इथं लिहीत नाही.

"तू माझा कान, मॅट्रिक," मामा म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगाचा होतो, तेही लाथ मारून.

हे सगळं नीट चाललं होतं. मग माझं लग्न ठरायला लागलं.

मुलगी सांगलीतच बघायची होती, आणि मामेभावानं लिहिलं होतं की कोट घालून ये. मला कोट नव्हता. कोट शिवणारा शिंपी फक्त बाजारच्या दिवशी उंब्रजला बसायचा. बाजारच्या दिवशी डॉक्टर फिरतीवर. सकाळची गर्दी ओसरली, मामा दुसऱ्या दिवसाची मिक्स्चरं भरायला लागले. त्यांचं गाणं चालू होतं. ऐकू येईनासं झाल्यापासून ते गुणगुणायचे फार, आणि तेही बेसूर. तापाचे दिवस होते. विचारलं असतं तर त्यांनी सोडलं नसतं. म्हणून मी विचारलं नाही. जेवणाच्या वेळेला येतंय कोण, असं मनाशी म्हटलं, आणि त्यांच्या पाठीमागून चपला हातात घेऊन निघालो. बहिऱ्या माणसाच्या मागून चपला हातात घेऊन! केवढी ही अक्कल.

कुणाची तरी सायकल घेतली होती. माप पटकन झालं. पण बटणं दोन की तीन, यावर मी आणि शिंपी घासाघीस करत बसलो. मला तीन हवी होती. परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा तसेच पाठमोरे, तेच गाणं. मी हळूच खुर्चीत बसलो. जरा वेळानं ते वळले. "आज कुनी न्हाई आलं?"

मी मान हलवली. नाही.

पाच-सहा दिवसांनी डॉक्टर फिरतीवरून आले ते सायकल भिंतीला न टेकवताच आत आले. सायकल मागं पडली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या एका माणसाला त्यांनी तापात तपासलं होतं, आणि बायकोला बाटली घेऊन दवाखान्यात जायला सांगितलं होतं. तो माणूस दगावला होता.

"बाजारच्या दिवशी ती दुपारी इथं आली होती," डॉक्टर म्हणाले. "हाका मारल्या म्हणते. कंपौंडरनं पाठ फिरवली म्हणते. मामा, तुम्ही? तुम्ही असं केलंत?"

मामा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळले. मी खुणा करायला लागलो. बाई. हाका. तुम्ही पाठमोरे. डॉक्टर माझ्या हातांकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटत गेलं.

"कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"दोनेक वर्षं."

"आणि तू काय करतोस?"

"मी... टेबलाला लाथ मारतो."

कुणी हसलं नाही. मामा खालच्या आवाजात म्हणाले, "मॅट्रिक, त्या दिसी तू लाथ मारलीस का रं?"

विचार करायला वेळ होता. लोकांना वाटतं, अशा वेळी तोंडून निघून जातं. तसं नसतं. मला डॉक्टर दिसत होते, नोकरी दिसत होती, सांगलीची मुलगी दिसत होती, तीन बटणांचा कोटसुद्धा दिसला. मी मान हलवली. हो, मारली.

मामांनी आपले हात वर धरून पाहिले. आधी तळवे, मग मागची बाजू. "मंग हातांस्नी बी कळंना झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते वस्तीवर जायला निघाले आणि मला कान म्हणून बरोबर घेतलं. ती बाई दारात बसली होती. तिशीची असेल. मामांनी तिला सलाम केला नाही. समोर मातीत बसले आणि म्हणाले, "बाय, मला ऐकाय येत न्हाई. तू बोल. समदं बोल."

ती बोलली.

"आवं, आमी कुनाच्या बी दारात गेलो की लोकं पाट फिरवत्यात. त्येचं काय न्हाई, सवय हाय. पर ह्यो मानूस आमच्या बाटलीतलं पितोय, म्हनून मी माज्या धन्याला घरात कन्हत ठेवून आले. लिंबाखाली हुबी ऱ्हायले. तीनदा हाळी दिली. गानं म्हनतोय, बाटल्या भरतोय, पर वळंना. म्हनलं, ह्यो बी तसलाच निघाला."

मी खुणा करत होतो. तीन बोटं. लिंब. पाठ. मामा माझ्या हातांकडं बघत नव्हते, त्यांची नजर तिच्या तोंडावर होती. मला वाटलं, दुःखानं बघतायत.

मग ती माझ्याकडं वळली. "अन् तुमी वो? तुमी तर सदा त्या खुर्चीत आसता. म्हनलं, त्यो कारकून तरी उठंल. त्या दिसी खुर्ची मोकळी हुती."

माझे हात थांबले. खुर्चीची खूण करणं काही अवघड नव्हतं. पुन्हा हात हलवले तेव्हा मी एवढंच दाखवलं: तीनदा हाळी दिली. तीन बोटं. हे आधीच सांगून झालं होतं.

मामा म्हणाले, "पानी देशील, बाय?" ती आत गेली, बराच वेळ आली नाही, पण आली. मामांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून ठेवला. परत येताना सगळी वाट ते माझ्या पुढं चालत होते.

त्या आठवड्यात त्यांनी दवाखाना सोडला. डॉक्टरांनी राहा म्हणून सांगितलं, वॉर्डात दुसरं काम देतो म्हणाले. मामांनी त्यांना सलाम केला, चमचा चड्डीच्या खिशात घातला आणि पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन सडकेला लागले. मला म्हणाले, "खुर्ची सोडू नगं, मॅट्रिक." नवा कंपाउंडर आला, तो सर्टिफिकेटवाला होता. औषध चांगलं द्यायचा. लिंबाखाली मात्र त्यानंतर फारसं कुणी उभं राहिलं नाही. ती माणसं पुन्हा देवऋषाकडं जायला लागली, असं कानावर यायचं. माझ्या कानांना सगळं ऐकू यायचं.

माझं लग्न झालं. कोट छान बसला होता.

स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या पुढच्या वर्षी काही कामानं वडूजला गेलो तेव्हा मामांच्या गावाला वाट वाकडी केली. वडूजच्या पेठेतून त्यांच्यासाठी टॉनिकची बाटली घेतली होती. माळाच्या कडेला एक खोपटं, पुढं बाभळ, बाभळीखाली मामा अंबाडीचा दोर वळत बसलेले. फार वाळले होते. चड्डी तीच. मला पाहून उठून सलाम केला, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

खुणा मी विसरलो होतो. थोडं हसलो, थोडं बसलो. मग मला एक धाडस सुचलं, माझ्यासारख्याला सुचतं तसलं. बहिऱ्या माणसापुढं बोलायला कसलं भय? मी समोरच्या माळाकडं तोंड केलं आणि म्हणून टाकलं, "मामा, त्या दिवशी मी खुर्चीत नव्हतो. लाथ मारलीच नव्हती."

दोर वळायचा थांबला.

"तोंड हिकडं कर, मॅट्रिक," मामा म्हणाले. "तोंड दिसल्याबगर मला कळत न्हाई."

मी वळलो. "म्हणजे?"

"बोलनाऱ्याचं तोंड बगितलं की कळतंय. समदं न्हाई, थोडं थोडं."

"कधीपासून?"

"दवाखान्यात हुतो तवापासनं. तुजे हातवारे लय वंगाळ हुते रं. जुलाब म्हनून दावायचास अन् मला वाटायचं, बाळंतीन आलीया."

मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती वस्तीवरची बाई आली, आणि तिच्या तोंडावर खिळलेली मामांची नजर.

"आता सांग," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडं तोंड करून सांगितलं. बाजार, शिंपी, बटणं, सगळं. ते माझ्या ओठांकडं बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या अंगातल्या कोटाची कड दोन बोटांत धरून पाहिली.

"ह्योच का त्यो?"

"हो."

"बेस शिवलाय."

"मामा, तुम्हाला तिथं वस्तीवरच कळलं होतं. मग गेलात कशाला? डॉक्टरांना सांगायचं, मला घालवायचं. तुमचे हात तर चांगले होते!"

मामांनी दोर बाजूला ठेवला. "पाट करून काम हुतं माजं," ते म्हणाले. "पाटीमागं कोन हाय, त्येच मला कळंना झालं. मंग बाटल्या कशा भरायच्या? वस्तीवरनं येताना वाटंत म्हनलं, ह्यो बोलंल. मी मुद्दाम म्होरं चालत हुतो. तुला तोंड लपवाय जागा ऱ्हावी म्हनून."

मी पिशवीतून टॉनिकची बाटली काढली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली, बूच काढून वास घेतला, हलवली. मग चड्डीच्या खिशात हात घातला. तोच चमचा, आता कडेला झिजून धार आलेला. काठोकाठ भरला, एक थेंब सांडू दिला नाही. मला वाटलं आता स्वतः घेतील, नेहमीसारखे. चमचा माझ्या तोंडापाशी आला.

"आधी तू," मामा म्हणाले.

मी आ केला. मामा माझ्या गळ्याकडं बघत होते.

"गिळ."